जास्तीचं तेल

"साहेब, गिअरबॉक्स गेला," नंदू मेस्त्री माझ्या भावाला म्हणाला.

गाडी माझी होती. कागदांवर नाव माझं, लायसन्स माझं, आणि आदल्या दिवशी चढावर ती घसरायला लागली तेव्हा स्टिअरिंगवर बसलेलीही मीच. बरं, मी काही घरी नव्हते. नंदूच्या गॅरेजातल्या बाकावर, त्या दोघांपासून चार हातांवर बसले होते. पण चिपळुणातल्या कुठल्याही दुकानात, दवाखान्यात माझ्याबद्दल जे बोलायचं ते दादाशी बोलायचं, अशी रीतच पडून गेली होती. माणसाचा एक पाय अधू असला की त्याचे कानही गेलेले असतात, अशी लोकांची समजूत असावी.

"गेला म्हणजे नेमकं काय झालं?" मी विचारलं.

"ऑटोमॅटिक हाय ना, साहेब," नंदूने उत्तर दिलं ते दादालाच. "यांचा असाच असता. एकदा गेला का गेला. मी म्हनतो, नव्वद नंबर तेल टाकून बघू. जरा जाड असता. चालली तर चालली, नायतर इकून टाका."

"बघ टाकून," दादा म्हणाला.

"टाकायचं नाही," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही बाकच बोलला होता.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालातली, दिवाळीनंतरची. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. मला अकराव्या महिन्यात पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी सळ्या आणि चामडी पट्ट्यांचा आधार. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने मला आधी सायकलवर, मग स्कूटरवर शाळेत सोडलं, कॉलेजात सोडलं, आणि पुढे मी गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षं रोज सकाळी साडेदहाला तिथेही सोडलं. मला सोडून मग तो आपलं स्टेशनरीचं दुकान उघडायचा. त्याने लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. गावाने अनंत रेडीजला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आदल्या वर्षी मी पुण्याहून ही पांढरी गाडी आणली. दहा वर्षं जुनी, पण हिला क्लच नव्हता, त्यामुळे एक उजवा पाय पुरत होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आणि गाडी होती म्हणूनच संस्थेने आंबेकोंडच्या शाळेचं मुख्याध्यापकपद देऊ केलं तेव्हा मी हो म्हणाले. आंबेकोंड बावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार उभ्या चढाचे. एस.टी. तिथे पावणेबाराला पोचते आणि शाळा भरते अकराला.

"रोज येणार कशा, रेडीजबाई?" संस्थेचे अध्यक्ष तात्या महाडिक यांनी विचारलं होतं.

"माझ्या गाडीने."

"मग सोमवारी अकराच्या आत हजर होऊन चार्ज घ्या. नाही जमलं तर घागसरांना द्यावा लागेल. शाळा मोकळी ठेवता येत नाही."

घाग मला नऊ वर्षांनी कनिष्ठ. आणि नंदूच्या गॅरेजातला तो दिवस मंगळवार होता.

घरी येताना गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक घेऊन आले आणि ते उघडून बसले. सूचना न वाचता पेपर सोडवायला घेणाऱ्या पोरांना मी जन्मभर फटकावत आले, आणि स्वतः वर्षभर ते पुस्तक गाडीच्या कप्प्यात तसंच ठेवलं होतं. फक्त एक गोष्ट पुण्याच्या जुन्या मालकिणीने बजावून सांगितली होती: हिच्या गिअरच्या तेलाला ऐऱ्यागैऱ्याचा हात लागू देऊ नका. आता त्या पानावर आले. तेलाची पट्टी बघायची ती गाडी तापलेली असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद असेल तर तेल असेल त्यापेक्षा जास्त दिसतं. तो परिच्छेद मी चार वेळा वाचला.

बुधवारी शाळा सुटल्यावर रिक्षा करून एकटीच गॅरेजात गेले.

"नंदू, दहा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गिअरच्या तेलाची पट्टी बघितलीस?"

"बघितली की."

"इंजिन चालू होतं की बंद?"

"बंद. इंजिन चालू ठेवून तेल कोन मोजता, ताई?"

"आणि काय दिसलं?"

"तेल जास्ती होता. पार खुनेच्या वर. म्हनून काढला. पाऊन लिटर असंल."

हे तो अगदी सरळपणे म्हणाला. त्याचं आयुष्य साध्या गिअरच्या गाड्यांत गेलं होतं, त्यात इंजिनाचं तेल बंद गाडीतच मोजतात. मी पुस्तक उघडून त्याला अर्थ सांगितला. जास्त काही नव्हतंच. होतं तेच पुरेसं होतं, आणि त्याने त्यातलं पाऊण लिटर बादलीत ओतलं होतं. नंदूने खाली बघत हात पुसले, पुसलेले हात परत पुसले.

"मी तुला सांगून गेले होते, गिअरच्या तेलाला हात लावायचा नाही म्हणून."

"होय ताई, सांगितला होता. पन म्हनून तर मी साहेबांना फोन करून इचारला. साहेब म्हनाले, जास्त असंल तर काढ, तिला काय कळतंय."

रागाने तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी एकाच तळपायाची गेली, पण तेवढी पुष्कळ झाली.

मी उठले तसा नंदू मागून म्हणाला, "ताई, माझा चुकला. मला ह्या गाडीतला कळत नाय. अब्बास वांगडेला दाखवा. सतरा वर्षं कुवेतला होता, तिकडं सगळ्या अशाच गाड्या." आपल्याला कळत नाही असं चिपळुणातल्या मेस्त्रीने गिऱ्हाइकाला सांगणं सोपं नसतं. त्याच्यावरचा माझा राग तिथेच संपला. दादावरचा घेऊन घरी आले.

"तिला काय कळतंय, असं म्हणालास?"

दादा पेपर वाचत होता. "म्हणालो असेन. मेस्त्री म्हणतोय जास्त आहे, तर मी काय सांगणार?"

"मला विचार म्हणून सांगायचं."

त्याने पेपर खाली केला. हे त्याला खरंच सुचलं नव्हतं, हे मला चेहऱ्यावर दिसलं. "तुला कशाला त्रास?" तो म्हणाला.

चूक झाली, माणसाकडून होते, असं म्हणून ती मी पोटात घातली. पोटात घालायची सवय होतीच.

गुरुवारी अब्बासभाई नंदूच्या गॅरेजात आले. साठीचा, सडपातळ, कपाळाला कायमची आठी असलेला माणूस. दादाही आला होता. अब्बासभाईंनी त्याला ओलांडलं आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, कवा घसरली? चढाला का सपाटीला?"

"चढाला. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी हलत नाही. मग एकदम झटका देऊन धरते."

"सुरू केल्यावर लगेच, का तापल्यावर?"

मला विचारत होते. एकामागून एक सहा प्रश्न, सगळे मला. मी इतक्या घाईघाईने उत्तरं दिली की नंतर माझीच मला लाज वाटली.

मग त्यांनी इंजिन चालू करून पट्टी काढली, पांढऱ्या फडक्यावर टेकवली. काळपट तपकिरी डाग पडला. त्याचा वास घेतला. "थोडा करपलाय. पन मेली नाय ही. उपाशी हाय."

"मग भरा की तेल," दादा म्हणाला. "लाल तेल मिळतं ना दुकानात."

"लाल दिसला म्हनजे तोच, असा नाय, शेट. स्टिअरिंगचा पन लालच असता." ते पुन्हा माझ्याकडे वळले. "पुस्तकात लिवलाय तोच पायजे, बाई, दुसरा नाय. आनि सगळा एकदम बदलायचा नाय. अकरा वर्षांचा तेल हाय, आतल्या प्लेटी त्याच्यावरच कशातरी तग धरून हायत. सगळा नवा घातला तर तो आतला मळ धुवून काढील आनि गाडी जागेवर बसंल. उपाशी मानसाला कोनी पंगतीत बसवतो काय? खालच्या पात्रातला तेवढाच काढायचा, तेवढाच नवा घालायचा, वर कमी पडलाय तो पुरा करायचा. पंधरा दिवसांनी परत."

ते तेल चिपळुणात नव्हतं. कऱ्हाडला त्यांच्या ओळखीचं दुकान होतं, तिथे फोन करून त्यांनी लिटरचे चार डबे बाजूला काढून ठेवायला सांगितलं. दादा शुक्रवारी मित्राच्या मुलीच्या लग्नाला कऱ्हाडला जायचाच होता. मी कागदावर तेलाचं नाव, दुकानाचं नाव, पत्ता, फोन सगळं ठळक अक्षरात लिहून दिलं. त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

शनिवारी दुपारी तो आला तो हात हलवत.

"नाही मिळालं. दोन दुकानं पालथी घातली. म्हणाले, हे तेल आता येतच नाही." चपला काढता काढता तो म्हणाला, "जाऊ दे, कुंदा. सुटलीस एकदाची. इथली शाळा काय वाईट आहे? जरा चहा टाक."

मी चहा टाकला नाही. अब्बासभाईंना फोन केला. ते म्हणाले, थांबा, बघतो. दहा मिनिटांत त्यांचा उलट फोन आला.

"बाई, डबे त्याच्या टेबलावरच हायत. दोन दिवसांत कोनी न्यायला आलाच नाय."

दादा समोरच खुर्चीत बसला होता. फोनवरचा आवाज त्यालाही ऐकू आला असणार. मी रिसीव्हर ठेवला.

"दुकानात गेला नाहीस."

"नाही."

"खोटं बोललास."

"हो, बोललो." तो उठून उभा राहिला. "जाणारच नव्हतो मी. त्या चढावर गाडी बंद पडली, तू एकटी, धड खाली उतरता येत नाही, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मग कोण येणार?"

"ते माझं मी बघीन."

"बघशील. आता सगळं तुझं तू बघशील. अठ्ठेचाळीस वर्षं कोणी बघितलं?"

"तू बघितलंस. मी नाही म्हटलं का कधी? उठता बसता तेच ऐकत आले आणि मान डोलावत आले."

"मी लग्न केलं नाही ते कुणासाठी?"

हे वाक्य मी गावाच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. लग्नकार्यात बायका माझ्यादेखत बोलायच्या. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"मी सांगितलं होतं, करू नकोस म्हणून?" मी म्हणाले. "एकदा तरी? आईने तीन स्थळं आणली, तू तिन्हींना नाही म्हणालास. मला विचारलंस तेव्हा? मला कुणी कधी काही विचारतं का या घरात?"

मी टेबलावरचं गाडीचं पुस्तक उचललं.

"उद्या मी स्वतः जाऊन आणते," मी म्हणाले.

"एस.टी.ची पायरी चढून दाखव आधी."

माझ्या पायाला गावातल्या उनाड पोरांनी नावं ठेवली, वर्गात मागच्या बाकावरून कुणी माझी चाल काढून दाखवली, ते सगळं मी विसरले. हे विसरले नाही.

रविवारी सकाळी सहाला मी स्टँडवर होते. पायरी उंचच होती. पहिल्या खेपेला कॅलिपर पत्र्यावर आपटून मागे आले. कंडक्टरने हात पुढे केला, मी नको म्हणाले. मग आपण कशाला आणि कुणाला नको म्हणतोय याचाच राग आला आणि घेतला हात. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. दुकानदाराने डबे माझ्यापुढे ठेवले. मी प्रत्येक डब्यावरचं नाव पुस्तकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, तो हसला तरी. दुपारी अडीचला चिपळूणला परत आले तेव्हा पायाचे पट्टे रुतून वळ उठले होते.

अब्बासभाई गॅरेजात वाट बघत होते. नंदूने रविवार असून शटर उघडलं होतं. गाडीखाली शिरून अब्बासभाईंनी जुनं तेल पातेल्यात काढलं, नंदूकडून मापून घेतलं, आणि तेवढंच नवीन नरसाळ्याने आत सोडलं. मग इंजिन चालू करून मला आत बसवलं, ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकेका घरातून फिरवून आणायला लावला, आणि कमी पडलेलं थोडं थोडं करून भरलं. शेवटी पट्टी काढून माझ्या हातात दिली.

"वाचा, बाई."

"तुम्ही वाचा ना."

"गाडी तुमची हाय. उद्या मी असनार काय तिथं?"

मी वाचली. दोन खुणांच्या बरोबर मधे, लालसर ओलं. स्टँडमागच्या चढावर गाडी नेऊन बघितली. एकदाही घसरली नाही. उतरून आले तेव्हा नंदू विचारत होता, इंजिन चालूच ठेवायचं ना, आणि गिअर कुठे ठेवायचा. ते मला विचारत होता.

घरी दादा जेवून झोपला होता. सोमवारी मी उठले तेव्हा तो बाहेर पडलेला होता. बरंच झालं. त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

आंबेकोंडचा चढ मी एका दमात चढले. वाटेत दोनदा वाटलं की घसरतेय, पण ते माझंच काळीज होतं. दहा चाळीसला शाळेच्या पटांगणात गाडी लावली आणि ऑफिसची पाच पायऱ्यांची चढण एकेक करून चढले.

आत तात्या महाडिक बसले होते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत घागसर होते, पुढ्यात चार्जचं रजिस्टर उघडं.

"रेडीजबाई?" तात्या गोंधळले. "तुम्ही कशा काय? काल सकाळी अनंतरावांचा फोन आला होता. म्हणाले, बहिणीला झेपणार नाही, तिने नकार कळवायला सांगितलाय. म्हणून मग आम्ही..."

काल सकाळी. मी घाटातल्या बसमध्ये खिडकीची दांडी धरून बसले होते, त्या वेळी.

"आणि तुम्ही मला फोन करून विचारलं नाहीत," मी म्हणाले.

"अहो, प्रत्यक्ष भाऊच म्हणाला म्हटल्यावर..." तात्या माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. घागही बघत होते. "अनंतराव कुठायत? गाडीपाशी थांबलेत का?"

मी त्यांना दोघांना मनसोक्त बघू दिलं. दारात कुणीच नव्हतं.

"तात्या, तो नकार माझा नव्हता," मी म्हणाले. "चार्ज माझा आहे. आणि इथून पुढे माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्याकडे बघून विचारायचं. घागसर, उठा."

घाग उठले. मी बसले, रजिस्टर ओढलं आणि सही केली. दहा पन्नास अशी वेळ मी स्वतःच्या हाताने शेजारी लिहिली.

संध्याकाळी घरी आले तर दादा ओटीवर बसला होता. दुकान उघडलंच नव्हतं, शेजारी किल्ल्या तशाच पडल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून तो उठला नाही.

"फोन केलास तात्यांना," मी म्हणाले.

"केला."

दिवसभर मी जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं. सतरा वाक्यं असतील, सगळी धार लावलेली. त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघतच नव्हता, समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"कुंदा," तो म्हणाला, "उद्यापासून साडेदहाला मी काय करू?"

चोपन्न वर्षांचा माणूस होता. तो मला खरोखर विचारत होता. आयुष्यात त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं ते हे.

"दुकान उघड," मी म्हणाले. "बाकीची माणसं उघडतात तसं."

आणि आत निघून गेले. मी आंबेकोंडला दहा वर्षं मुख्याध्यापक होते, तिथूनच निवृत्त झाले. दादाला जाऊन आता चार वर्षं होतील. त्या फोनची मी त्याला कधीच माफी दिली नाही, आजही देत नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्याच्या प्रश्नाला त्याहून बरं उत्तर द्यायला हवं होतं. त्यानंतर बारा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, रोज रात्री समोरासमोर बसून जेवलो, आणि ते मी दिलं नाही.